रोबोटच्या सर्व्होला वीज कशी द्यावी : पहिल्यांदाच हात बनवणाऱ्यांसाठी

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं, तेव्हा आठवीतली एक मुलगी तिचा रोबोटचा हात घेऊन माझ्याकडे आली. प्लायवूडचे तुकडे, चार छोटे सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारे मोटारीचे डबे, आणि एक अर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम चालवणारं छोटं बोर्ड. बोंडातला कापूस चिमटीत धरायचा आणि शेजारच्या टोपलीत टाकायचा, एवढंच त्या हाताचं काम. तो वर जाई, मध्येच थरथरे आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन बसे.

"सर, कोड चुकलाय. तीन दिवस झाले शोधतेय, सापडतच नाही."

कोड मी वाचला. त्यात एकही चूक नव्हती. मग तिला विचारलं, "शेतातली मोटार चालू केली की आखाड्यावरचा बल्ब काय करतो गं?"

"मंद होतो सर. मग परत नीट होतो."

तिच्या रोबोटमध्ये तेच चाललं होतं. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, लाईनचा व्होल्टेज खाली बसतो आणि बल्ब मंद होतो. सर्व्होच्या पोटातही मोटारच असते. फरक इतकाच, की बल्ब मंद होऊन सावरतो, पण उनोवरची चिप व्होल्टेज फार खाली गेला की बंद पडते आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू करते. बघणाऱ्याला वाटतं प्रोग्राम भरकटला.

२०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब शाळांना मिळू लागल्या आणि सर्व्हो आपल्याकडच्या मुलांच्या हातात आले, याचा मला फार आनंद आहे. पण किटबरोबर जे शिकवलं जातं, त्यात प्रोग्रामवर भर आणि विजेवर दोन वाक्यं, असं दिसतं. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या हातांपैकी बहुतेकांचं दुखणं विजेचंच निघालं. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहितो आहे.

१. सर्व्हो ओळखून घ्या

सर्व्होला तीन वायरी असतात. सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या निळ्या एसजी ९० मध्ये तपकिरी म्हणजे ग्राउंड (मायनस), लाल म्हणजे प्लस आणि नारिंगी म्हणजे सिग्नल. काही कंपन्यांच्या सर्व्होत काळी, लाल आणि पांढरी किंवा पिवळी असते. तिथे काळी ग्राउंड आणि पांढरी-पिवळी सिग्नल. लाल बहुतेक वेळा मधोमध असते. त्यामुळे प्लग उलटा खोचला तरी सर्व्हो सहसा वाचतो. पण तेव्हा त्याचा सगळा करंट बोर्डाच्या सिग्नल पिनेतून परत जायला बघतो आणि पिन जाऊ शकते. म्हणून प्लग खोचण्याआधी रंग बघायची सवय लावून घ्या.

सिग्नलच्या वायरीतून ताकद जात नाही, फक्त निरोप जातो. दर २० मिलिसेकंदांनी एक छोटा ठोका: साधारण १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्हो मधोमध, १ कडे गेला तर एका बाजूला, २ कडे गेला तर दुसऱ्या बाजूला. त्याला लागणारा करंट नगण्य असतो, म्हणून सिग्नलची वायर बारीक असली तरी चालते. खरी ओढ लाल आणि तपकिरी वायरींतून होते. या लेखातला बाकीचा सगळा मजकूर त्या दोन वायरींबद्दल आहे.

२. करंटचा हिशोब वहीत मांडा

ही पायरी मुलं टाळतात आणि पुढे आठवडाभर अडकतात. सर्व्होचे तीन करंट असतात. नुसता उभा असताना अगदी थोडा, हलताना बऱ्यापैकी, आणि अडकून पडल्यावर, म्हणजे जोर लावतोय पण हलता येत नाही अशा वेळी, सर्वांत जास्त. या शेवटच्याला स्टॉल करंट म्हणतात.

एसजी ९० हलताना साधारण १०० ते २५० मिलिअँपिअर घेतो आणि अडकला की ६५० ते ७०० पर्यंत जातो. मोठा, धातूच्या गिअरचा एमजी ९९६ आर हलताना ५०० ते ९०० मिलिअँपिअर घेतो आणि ६ व्होल्टवर अडकला की २.५ अँपिअर. स्वस्त नकला यापेक्षा जास्तही ओढतात, त्यामुळे हिशोब सढळ ठेवा.

त्या मुलीच्या हातात चार एसजी ९०. सगळे एकदम अडकले तर ४ × ०.७ = २.८ अँपिअर. आणि ती वीज घेत होती उनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून, उनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. उनोवर यूएसबीच्या वाटेत ५०० मिलिअँपिअरचा एक आपोआप सावरणारा फ्यूज असतो. पाच माणसांच्या वाटेवर अठ्ठावीस माणसं सोडण्यासारखं झालं ते.

सगळे सर्व्हो एकाच क्षणी अडकतील असं क्वचितच होतं. लहान हातासाठी मी स्टॉल करंटची पूर्ण बेरीजच धरतो, कारण ३ अँपिअरचा पुरवठा सहज मिळतो. मोठ्या हातासाठी, समजा तीन एमजी ९९६ आर आणि तीन एसजी ९०, पूर्ण बेरीज ९.६ अँपिअर होते. तिथे दोन मोठे अडकलेले आणि बाकीचे हलते असं धरलं तर साडेसहाच्या आसपास येतं. अशा वेळी ८ ते १० अँपिअरचा पुरवठा घ्यावा. पहिलाच रोबोट असेल तर चार एसजी ९० वरच थांबा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मोठे सर्व्हो चुकीला कमी माफ करतात.

३. वीज आणायची कुठून

उनोच्या ५ व्होल्ट पिनेवरून नाही. एखादाच एसजी ९०, हातावर काही वजन न लादता, तपासण्यापुरता चालवला तर चालतो, त्यापुढे नाही. उनोच्या गोल सॉकेटात अडॅप्टर लावूनही प्रश्न सुटत नाही, कारण जास्तीचे व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर उष्णता करून टाकतो आणि सर्व्होंचं ओझं आलं की तापून बंद पडतो.

मल्टिमीटरमध्ये असते ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर मुळीच नको. ती थोडा करंट बराच वेळ द्यायला बनलेली आहे. सर्व्होने जोर मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो, आणि नवीन असली तरी कोसळतो.

मग काय वापरावं? माझी पहिली पसंती आपल्या घरातच असते: पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी. बहुतेक बॅटरी पंपांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी येते. कृषी सेवा केंद्रात चार्जरसकट मिळते. चार एसजी ९० हलताना ५ व्होल्टवर फार तर १ अँपिअर घेतात. १२ व्होल्टच्या बाजूने बघितलं तर बॅटरीवर जेमतेम अर्ध्या अँपिअरचा भार पडतो, म्हणून प्रदर्शनाचा दिवस सहज निघतो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आपल्या टेबलाजवळ प्लग असेल आणि त्यात वीज असेल याची खात्री मला कधीच वाटलेली नाही. ही बॅटरी जड असते, त्यामुळे चालणाऱ्या रोबोटला तिचा उपयोग नाही; टेबलावरच्या हाताला मात्र उत्तम. ती १०.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, लवकर खराब होते. आणि फवारणीच्या दिवसांत वडिलांना विचारूनच काढा.

पण १२ व्होल्ट सर्व्होला थेट दिले तर तो जळेल. मध्ये बक कन्व्हर्टर हवा, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारं छोटं बोर्ड. एलएम २५९६ चं बोर्ड सगळीकडे मिळतं. त्याच्या चिपवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी सलग चालवायला मी २ च धरतो. एक्सएल ४०१५ चं बोर्ड ५ अँपिअरचं, थोडं महाग, पण निवांत राहतं. मी नवख्यांना हेच घ्यायला सांगतो. गावात मिळालं नाही तर पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नक्की मिळतं. आता कुरिअरनेही येतं.

हलक्या रोबोटसाठी १८६५० चे दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडतात. नावाला ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४. म्हणजे इथेही बक लागतोच. संरक्षणाचं बोर्ड, ज्याला बीएमएस म्हणतात, ते लावल्याशिवाय हे सेल वापरू नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल मुलांच्या हातात देऊ नका. आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी: लिथियम सेल ४५ अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं तापमान सहज होतं. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, आणि समोर बसून करा.

घरी टेबलावर काम करायला एलईडी बोर्ड बनवणाऱ्यांकडे मिळतो तो ५ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा पुरवठ्याचा डबा, चांगला. मात्र त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट उघड्या स्क्रूंवर असतात. ती बाजू जोडणं आणि झाकणं हे काम मोठ्या, जाणत्या माणसानेच करायचं. अर्थिंग जोडल्याशिवाय तो वापरू नये.

४. आधी व्होल्ट लावा, मग सर्व्हो

बक कन्व्हर्टर नवा आणला की त्याचा आउटपुट किती असेल याचा भरवसा नाही. एकही सर्व्हो न जोडता बॅटरी लावा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि छोटा पितळी स्क्रू फिरवत ५ व्होल्ट आणा. हा स्क्रू बरेच वेढे फिरतो, सुरुवातीला काहीच बदलत नाही असं वाटतं. दमाने घ्या. ५.० ते ५.२ वर थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे तो धक्क्याने हलणार नाही. एमजी ९९६ आर ६ व्होल्टवर जास्त ताकद देतो, पण एकाच लाईनवर एसजी ९० असतील तर ५ वरच राहा. कागदावर एसजी ९० ला ६ चालतात. नकली मालाची मात्र मला खात्री नाही.

५. वायर: टेलपर्यंत पाणी पोचलं पाहिजे

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर परभणीकडच्या टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी सोडलं म्हणजे पाणी मिळालं असं होतं का. वाटेत जेवढं झिरपतं आणि जेवढे आधीचे लोक घेतात, ते वजा करून उरलं ते टेलचं. वायरीतही तसंच होतं. बॅटरीपाशी मोजलेले ५ व्होल्ट म्हणजे चिमट्याच्या सर्व्होला मिळालेले ५ व्होल्ट नव्हेत.

आकड्यांत बघू. किटमधल्या रंगीत जंपर वायरी बऱ्याचदा २८ गेजच्या आसपास असतात. मीटरला सुमारे ०.२१ ओहम. २० सेंटीमीटर जायची आणि तेवढीच परत यायची, असे ४० सेंटीमीटर धरले तर ३ अँपिअरला पाव व्होल्ट वायरीतच संपतो. शिवाय प्रत्येक जोडावर, ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीच्या) प्रत्येक भोकात थोडा थोडा जातो तो वेगळाच. तेच १ स्क्वेअरची, म्हणजे १ चौरस मिलिमीटर जाडीची, साधी तांब्याची वायर घेतली तर त्याच अंतरात तोटा फक्त ०.०२ व्होल्ट. दोन्हींच्या किमतीत नाव घेण्यासारखा फरक नाही. बॅटरीपासून वाटपाच्या पट्टीपर्यंत १ स्क्वेअरची, मल्टिस्ट्रँड म्हणजे लवचिक वायर वापरा.

ब्रेडबोर्ड सिग्नलसाठी ठीक आहे. सर्व्होंची वीज त्यातून नेऊ नका. आतल्या पत्र्याच्या चिमट्या साधारण एक अँपिअरच्या पुढे तापायला लागतात, आणि काही ब्रेडबोर्डांवर कडेच्या लांब रेषा मधोमध तुटक असतात, हे लक्षात न आल्याने कितीतरी मुलांचे निम्मे सर्व्हो मेलेले राहतात.

वाटपाची पट्टी स्वतः बनवा. भोकाच्या पीसीबीचा, म्हणजे सोल्डर करायच्या पाटीचा, छोटा तुकडा घ्या, त्यावर तीन-तीन पिनांचे जितके सर्व्हो तितके गट लावा. मधल्या सगळ्या पिना मागच्या बाजूने एका जाड उघड्या तांब्याच्या तारेने जोडा, ही प्लसची पट्टी. कडेच्या ग्राउंडच्या पिना दुसऱ्या तारेने, तशाच. दोन्ही तारांवर कथील सढळ ओता. बॅटरीकडून येणारी जाड जोडी या पट्टीच्या मधोमध आणून सोल्डर करा, एका टोकाला नाही, म्हणजे दोन्हीकडचं अंतर सारखं राहतं. एका सर्व्होतून वीज दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला अशी साखळी करू नका. प्रत्येकाची फांदी पट्टीवरूनच फुटली पाहिजे. सिग्नलच्या पिना एकमेकींना जोडायच्या नाहीत. प्रत्येकीतून एक बारीक वायर उनोकडे जाईल.

काम झालं की बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस आणि ग्राउंडच्या पट्ट्यांना टेकवा. सलग बीप वाजला तर कुठेतरी कथील सांडलंय. आधी तो शॉर्ट काढा.

६. दोन्ही ग्राउंड एकत्र

आता सर्व्होंना वेगळी वीज आणि उनोला वेगळी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोघांचे ग्राउंड वेगळेच ठेवणं. सर्व्हो मग वेड्यासारखे फडफडतात किंवा ढिम्म बसतात, आणि "वेगळी बॅटरी लावूनही चालत नाही" म्हणून मूल रडकुंडीला येतं.

विहिरीत पाणी किती खाली आहे हे काठापासून मोजतात. मोजणाऱ्या दोघांचा काठच वेगळा असेल तर एकाच्या दहा फुटांना दुसऱ्याच्या लेखी अर्थ नाही. उनो सिग्नलच्या पिनेवर ५ व्होल्ट ठेवतो ते त्याच्या ग्राउंडपासून मोजलेले. सर्व्होला ते कळायला त्याचा काठ तोच हवा. म्हणून वाटपाच्या पट्टीच्या ग्राउंडपासून उनोच्या ग्राउंडच्या पिनेपर्यंत एक वायर टाका. ती सगळ्यांत आधी जोडा आणि सगळ्यांत शेवटी काढा.

प्लस मात्र एकत्र करू नका. उनो यूएसबीवर असताना त्याच्या ५ व्होल्ट पिनेला सर्व्होंची लाल पट्टी जोडली, तर दोन पुरवठे एकमेकांत घुसतात आणि लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत धक्का जाऊ शकतो.

७. कपॅसिटर आणि फ्यूज

पट्टीवरच, सर्व्होंच्या जवळ, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. दारातल्या रांजणासारखं त्याचं काम: नळाची धार बारीक झाली तरी क्षणभराची गरज त्यातून भागते. अंगावर पांढरी पट्टी असलेला पाय ग्राउंडला. उलटा लावला तर तापून फुटतो, आणि फुटताना चेहरा जवळ नको. कमी पडणाऱ्या पुरवठ्यावर कपॅसिटर हा उपाय नाही. तो फक्त झटके गिळतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून शक्य तितका जवळ. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतात ते पात्यांचे फ्यूज घ्या: जांभळा ३ अँपिअरचा, लाल १० चा. चार एसजी ९० ना जांभळा पुरतो. लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लालबुंद करण्याइतका करंट देते, म्हणून लहान रोबोटलाही फ्यूज हवाच. त्याच्यापुढे एक स्विच. काही अडकलं की हात तिथे आधी गेला पाहिजे.

८. पहिल्यांदा चालू करताना

सर्व्होंचे हॉर्न, म्हणजे वरचे पांढरे पाते, काढून ठेवा. एकच सर्व्हो जोडा. आधी उनो चालू, मग सर्व्होंचा स्विच. प्रोग्रामने ९० अंश द्या, सर्व्हो मधोमध येऊन थांबला की हॉर्न हव्या त्या दिशेला बसवा. हे न करता हात जोडला तर पहिल्याच आज्ञेला तो सांध्याच्या पलीकडे जायला बघेल आणि प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातील. असे साधे सर्व्हो आपण कुठे आहोत हे उनोला सांगत नाहीत. पहिला निरोप मिळाला की त्या कोनाकडे पूर्ण वेगाने झेपावतात. म्हणून नंतरही, चालू करण्याआधी हात सुरुवातीच्या कोनाच्या जवळपास ठेवा. गिअरला झटका न देता, हळूच.

एकेक करून सगळे जोडले की प्रोग्राममध्ये सुरुवातीला सगळ्यांना एकदम निरोप देऊ नका. दोघांमध्ये ३०० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे.

जाता जाता: उनोवर सर्व्होची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवर एलईडी मंद-तेज करता येत नाही. तो बिघाड समजून कुणी बोर्ड बदलू नका.

सर्व्हो वाढले तर पीसीए ९६८५ चं १६ सर्व्होंचं बोर्ड घेतात. त्याला दोन वेगवेगळ्या विजा लागतात: चिपसाठी उनोकडून, आणि सर्व्होंसाठी स्क्रूच्या टर्मिनलवर बाहेरून. मोठे सर्व्हो तीन-चारच्या पुढे गेले तर त्यांची वीज आपल्या जाड पट्टीवरूनच द्या, त्या बोर्डावरून फक्त सिग्नल घ्या.

९. अजूनही थरथरतोय?

कोड उघडण्याआधी मल्टिमीटर उचला. हात उचललेला धरून ठेवा आणि सगळ्यांत लांबच्या सर्व्होच्या प्लगपाशी मोजा. ४.८ च्या वर असेल तर वीज बरी आहे. ४.५ च्या खाली असेल तर मागे मागे मोजत या: पट्टी, बक, बॅटरी. ज्या दोन जागांमध्ये मोठी उडी दिसेल, तिथली वायर किंवा सांधा दोषी. मल्टिमीटर संथ असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही; तिच्यासाठी उनोवरच्या "एल" दिव्याकडे बघा. सर्व्हो हलताच तो पटपट लुकलुकला तर बोर्ड नव्याने सुरू होतंय, म्हणजे वीज बसली.

सर्व्हो जागेवर उभा राहून गुणगुणत असेल आणि तापत असेल तर बहुधा तो कशाला तरी भिडलाय किंवा वजन जास्त झालंय. एसजी ९० ची ताकद ४.८ व्होल्टवर साधारण १.८ किलो-सेंटीमीटर. म्हणजे अक्षापासून १० सेंटीमीटरवर १८० ग्रॅम, आणि तेही अडकण्याच्या सीमेवर. निम्म्याच्या खाली राहा. यात प्लायवूडच्या हाताचं स्वतःचं वजनही मोजायचं असतं.

त्या मुलीच्या हातावर आम्ही याच क्रमाने गेलो. उनोच्या ५ व्होल्ट पिनेवर, हात वर असताना, मीटरने ३.९ दाखवले होते. मामाच्या पंपाची बॅटरी, एक बक, संध्याकाळभर सोल्डरिंग. पट्टी तिने स्वतः बनवली. पहिली शॉर्ट निघाली, दुसरी बरोबर. चिमट्याच्या प्लगपाशी ४.९७ आले तेव्हा तिने तो आकडा पेनाने टेपवर लिहून हाताच्या दांड्याला चिकटवला, आणि कोडची एकही ओळ न बदलता टोपलीत कापूस पडला.